हगामा गावचा, गल्ला कुणाचा?

२०२५ सालचा मार्च महिना कर्जतकरांच्या लक्षात राहील. मुंबईची लोकल जिथे जाते ते रायगडचे कर्जत नव्हे, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत. २६ ते ३० मार्च असे पाच दिवस येथे ६६ वी महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली. संत गोदड महाराजांचे नाव दिलेल्या क्रीडानगरीत राज्यभरातले पैलवान उतरले. शेवटी सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून चांदीची गदा खांद्यावर घेतली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता आणि दुसऱ्या दिवशी ईद होती. पाडव्याची खरेदी, ईदची खरेदी आणि कुस्तीला लोटलेली गर्दी असे तिन्ही एकाच आठवड्यात जमून आले. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला असा योग वरचेवर येत नाही.

कुस्ती कोणी जिंकली हे सर्वांना ठाऊक आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या पाच दिवसांत कर्जतच्या बाजारपेठेच्या गल्ल्यात काय आले, आणि त्यातले पुढच्या वर्षासाठी काय उरले? हा प्रश्न स्पर्धा भरवणाऱ्यांवर टीका म्हणून आम्ही विचारत नाही. आमदार रोहित पवार यांच्या पुढाकाराने राज्याची मानाची स्पर्धा दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात आली, ही गोष्ट मोठीच आहे. प्रश्न आमचा आम्हालाच आहे. आम्ही दुकानदार, आम्ही कारागीर. त्या मैदानात आमची जागा कोणती होती? कुस्ती पाहायला आम्ही गेलो, टाळ्या वाजवल्या, फेटे उडवले आणि घरी आलो. पाहुण्याच्या घरचे लग्न असावे तसे आपल्याच गावचे मैदान आम्ही पाहिले.

एक किताब, दोन केसरी

याच जिल्ह्यात दोन महिने आधी, २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, अहिल्यानगर शहरातल्या वाडिया पार्कवर ६७ वी महाराष्ट्र केसरी झाली होती. तेथे पृथ्वीराज मोहोळ जिंकला आणि त्याला थार गाडी मिळाली. पंचांच्या निर्णयावरून गोंधळ झाला, दोन नामवंत पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली, तेही आपण पाहिले. म्हणजे एका जिल्ह्यात, एकाच हंगामात, दोन महाराष्ट्र केसरी. त्यातही आधी ६७ वी आणि मग ६६ वी! कुस्तीच्या संघटनेत तट पडल्यापासून हे चालले आहे. २०२३ च्या नोव्हेंबरातही एक महाराष्ट्र केसरी पुणे जिल्ह्यात फुलगावला झाली आणि दुसरी धाराशिवला.

खरा केसरी कोणता, हा वाद वस्ताद मंडळींनी मिटवावा. तो मिटायलाच हवा, कारण त्यात पोरांची उमेदीची वर्षे जातात. पण व्यापाऱ्याने त्यातून एक गोष्ट टिपून ठेवावी. या किताबाला इतकी मागणी आहे की एक किताब पुरत नाही. ज्या मालाला एवढे गिऱ्हाईक आहे, त्याचा बाजार मात्र आपल्यापैकी कुणाच्या हाती नाही.

आपला हगामा कसा चालतो

आपल्या भागात जत्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. रब्बीची ज्वारी खळ्यातून घरात आली, चैत्र उजाडला, की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात. पैलवान या गावच्या हगाम्यातून त्या गावच्या हगाम्याला जातात. जत्रा कमिटी घरटी वर्गणी काढते. दुकानदाराकडून जरा जास्त घेते. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, मोठ्या जोडीला हजारांचे, लाखांचे इनाम असते. ते इनाम कोणी पुढारी, कोणी कारखानदार, कोणी ठेकेदार जाहीर करतो. लाऊडस्पीकरवर त्याचे नाव दहा वेळा पुकारले जाते. हलगी वाजते, जोड सुटते, दिवस मावळतो आणि मैदान रिकामे होते.

दुसऱ्या दिवसापासून मंडपवाला, जेवणावळीचा किराणा देणारा, फेटे-शाली देणारा कापडवाला, असे सगळे आपापली उधारी घेऊन कमिटीवाल्यांच्या मागे फिरतात. वर्गणी किती जमली, खर्च काय झाला, शिल्लक कुठे गेली, हे विचारणाऱ्याला गावकीचा वैरी समजतात.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका गावच्या यात्रेत आम्ही तीन दिवस दुकान मांडले होते. गावाचे नाव घेत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नाही. जागेचा सगळा ठेका एका बाहेरच्या माणसाला दिलेला होता. त्याने पहिल्या दिवशी जो दर सांगितला तो गर्दी पाहून दुसऱ्या दिवशी वाढवला. पावती मागितली तर आकडा न लिहिलेला कागद हातात ठेवला. आमच्या शेजारी त्याच गावचा बांगड्यांचा दुकानदार होता. त्याने जत्रेची वर्गणीही दिली होती आणि जागेचे भाडेही दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने गोणपाटावर बसून हिशेब केला आणि आम्हाला म्हणाला, “मियाँ, जत्रा आमच्या गावची, पण कमाई करून गेला तो ठेकेदार.” ते वाक्य आम्ही विसरलो नाही. हा लेख त्याच वाक्यातून निघाला आहे.

व्यापाऱ्यांनी काढलेला एक हगामा

हंगाम संपल्यावर भरणारा असाच एक हगामा अमेरिकेत आहे. तो मात्र राजाने, सरकारने किंवा पुढाऱ्याने सुरू केलेला नाही. गावच्या व्यापाऱ्यांनी आणि प्रतिष्ठित मंडळींनी सुरू केला. म्हणून त्याची हकीकत या पानाच्या वाचकांना सांगण्यासारखी आहे.

त्या देशात कॉलेजांच्या मुलांचा फुटबॉल फार लोकप्रिय आहे. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. चेंडू अंडाकृती असतो, तो हातात धरून पळायचे आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे. त्यात आपल्या कुस्तीचा थोडा अंश आहे म्हणा ना. ऑगस्टअखेरीस सुरू झालेला हा हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. त्यानंतर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीत, चांगल्या संघांना निवडून गावोगावी खास सामने भरवतात. त्यांना बाउल सामने म्हणतात. बाउल म्हणजे वाडगा. मैदान वाडग्याच्या आकाराचे, त्यावरून ते नाव पडले. आज असे चाळीसच्या आसपास सामने होतात.

याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी झाली. तेथल्या एका क्लबाने १८९० च्या १ जानेवारीला फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. हेतू सरळ होता. इतरत्र बर्फ पडते तेव्हा आमच्या गावी गुलाब फुलतात, हे लोकांना दाखवायचे. लोक येतील, राहतील, जागा घेतील, गाव वाढेल. मिरवणुकीचा खर्च निघावा म्हणून १९०२ साली तिला फुटबॉल सामन्याची जोड दिली. मिशिगन आणि स्टॅनफर्ड या दोन विद्यापीठांचे संघ बोलावले. पण जोड चुकली. मिशिगनने ४९-० असा धुव्वा उडवला आणि वेळ संपण्यापूर्वीच स्टॅनफर्डने हार मानून मैदान सोडले. हगाम्यात विषम जोड लावली तर पब्लिक कसे उठून जाते ते आपल्याला ठाऊकच आहे. पॅसाडेनाच्या मंडळींनी पुढची काही वर्षे फुटबॉल बंद करून रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ साली पुन्हा सामना भरवला आणि तेव्हापासून तो दरवर्षीचा झाला. १९२२ मध्ये मोठे मैदान बांधले. तोच रोझ बाउल, म्हणजे गुलाबाचा वाडगा.

पुढे मंदीचे दिवस आले. १९३३ साली फ्लोरिडातल्या मायामी गावाने हिवाळ्यात पाहुणे यावेत म्हणून पाम फेस्टिव्हल नावाचा उत्सव आणि सामना भरवला. १९३५ पासून त्याचे नाव ऑरेंज बाउल झाले, कारण फ्लोरिडा म्हणजे संत्र्यांचा मुलूख. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सने शुगर बाउल काढला, कारण लुइझियाना उसाचा मुलूख. १९३७ साली टेक्सासमधल्या डॅलसला कॉटन बाउल झाला, कारण टेक्सास कापसाचा मुलूख.

वाचकांनी ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. गुलाब, संत्रे, साखर, कापूस. एकाही सामन्याला पुढाऱ्याचे नाव नाही. त्या मुलखात जे पिकते त्याचे नाव सामन्याला, आणि सामन्याचे नाव देशभर. हीच जाहिरात आयडाहो राज्याने अलीकडे केली. बॉइझी गावच्या सामन्याला २०११ साली चक्क बटाट्याचे नाव मिळाले, आणि ते देणारे कोण, तर त्या राज्याचे बटाटा मंडळ.

त्यांचे घ्यावे काय

पहिली गोष्ट म्हणजे कमिटी. पॅसाडेनाचा कार्यक्रम एक कायमची संस्था चालवते. गावातली शेकडो माणसे पांढरा पोशाख घालून फुकट राबतात. एक सामना संपला की पुढच्या वर्षीची तयारी सुरू होते. डॅलसचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तेथला पहिला सामना तेलाच्या धंद्यातल्या एका धनिकाने आपल्या खिशातून भरवला आणि पहिल्याच वर्षी पदरचे पैसे गेले. काही वर्षांत त्याने तो संस्थेच्या हवाली केला, म्हणून तो टिकला. एका माणसाच्या मर्जीवर आणि खिशावर चालणारी गोष्ट त्या माणसाची सत्ता किंवा हौस असेतोवर चालते. संस्थेची गोष्ट माणूस गेल्यावरही चालते.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. सामना काही तासांचा, पण पाहुणा चार दिवस राहावा अशी आखणी असते. सामन्याच्या आधी मिरवणूक, भोजने, गाव पाहणे. तिकिटाच्या पैशांपेक्षा खाणावळ, लॉज, वाहन आणि दुकानात पडणारा पैसा गावाला जास्त पोसतो, हे त्यांनी ओळखले.

तिसरी गोष्ट तारखेची. तारीख ठरलेली असते. रोझ बाउल म्हणजे १ जानेवारी. ती रविवारी आली तर २ तारीख. दुकानदाराला माल कधी भरायचा, कारागिराला ऑर्डर कधी धरायची, हे वर्षभर आधी कळते. आपल्याकडे स्पर्धा कुठे आणि केव्हा, हे पुष्कळदा ऐन वेळी जाहीर होते. मग तयार माल असलेला बाहेरचा ठेकेदारच धंदा करून जातो. त्यात आपण दोष कोणाला देणार?

आणि घेऊ नये काय

त्यांचे सगळेच सोन्याचे नाही. ॲरिझोनातल्या फिएस्टा बाउलच्या प्रमुखाला २०११ साली पैशांच्या गैरवापरावरून काढून टाकले आणि २०१४ साली त्याला आठ महिन्यांची कैद झाली. राजकारण्यांना बेकायदा देणग्या आणि स्वतःच्या चैनी, सगळे त्या सामन्याच्या पैशातून चालले होते. संस्था असून हिशेब कोणी उघडून पाहिला नाही, तर काय होते याचे हे उदाहरण.

त्याच २०११ सालच्या सामन्यात कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ खेळला. बोलावण्याची अट अशी की साडेसतरा हजार तिकिटे विद्यापीठाने उचलायची. ती खपली नाहीत आणि मानाचा सामना खेळून विद्यापीठ पंधरा लाख डॉलरहून जास्त खोटीत गेले. मान मिळाला, गाठीचे गेले. जत्रेत वर्गणी देऊन वर जागेचे भाडे देणारा आमचा तो बांगडीवाला आणि हे विद्यापीठ यांच्यात फरक फक्त आकड्याचा.

आणि सर्वात मोठा अन्याय खेळणाऱ्या पोरांवर झाला. शंभर वर्षांहून अधिक काळ मैदान, कमिटी, टीव्ही, हॉटेल सगळे कमावत होते, आणि ज्यांची हाडे मोडत होती त्यांना शिक्षणाच्या सवलतीपलीकडे कमाईची परवानगी नव्हती. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली.

दोन केसरींचा घोळही त्यांनी भोगला आहे. गावोगावचे सामने वेगवेगळे असल्यामुळे देशातला पहिला संघ कोणता हे मतदानाने ठरे. १९९०, १९९१ आणि १९९७ या हंगामांत दोन-दोन विजेते झाले. अखेर २०२४ च्या डिसेंबरपासून बारा संघांची बाद फेरी सुरू केली. जुन्या बाउल सामन्यांनाच त्यात पुढच्या फेऱ्या वाटून दिल्या. गावचा सामनाही राहिला आणि विजेताही एक झाला. आपल्या वस्ताद मंडळींनी हे जरूर पाहावे.

परदेशी कशाला, कोल्हापूर पाहा

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी कर्जतला कशाला सांगता? तर आपल्या घरचे उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गुळाचा व्यापार तेथे वाढला. १९०६ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला. पॅसाडेनाला पहिला सामना झाला त्याच १९०२ साली महाराज युरोपात गेले होते. तेथले प्रेक्षागृह पाहून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली असे सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. पेठ, गिरणी आणि आखाडा या तीन गोष्टी एकाच राजाच्या डोक्यातून निघाल्या. पैलवान पोसायला पेठ लागते आणि पेठेला गर्दी लागते, हे त्यांनी जाणले होते. आता राजे नाहीत. ते काम पेठेनेच केले पाहिजे.

आणि कुस्ती आपल्या बिरादरीला परकी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या शेख घराण्याने तीन महाराष्ट्र केसरी दिले. इस्माईल शेख १९८० साली, अप्पालाल शेख १९९२ साली आणि मुन्नालाल शेख २००२ साली. २०२३ साली फुलगावला गदा उचलणारा मोहोळचा सिकंदर शेख हा हमालाचा मुलगा. आखाड्याच्या मातीत जात-धर्म विचारत नाहीत. जोड तोलामोलाची आहे का, एवढेच विचारतात. आपली पोरे आखाड्यात उतरली, पण आखाड्याच्या भोवतीच्या धंद्यात आपण उतरलो नाही.

आखाड्याभोवतीची कारागिरी

आता धंदा किती आहे ते मोजून पाहू. आखाड्याची लाल माती नुसती नसते. तिच्यात हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालून ती मळावी लागते. श्रीगोंदा-कर्जत पट्ट्यातला कागदी लिंबू त्यासाठी दारात पिकतो. पैलवानाच्या खुराकाला दूध, तूप, बदाम, केळी, अंडी, मटण लागते. बागवान, किराणावाले, कुरेशी आणि मुलाणी यांचा हा रोजचा व्यवसाय. लंगोट, जांग्या, स्पर्धेचे पोशाख शिवायला दर्जी आहेत. फेटे, शाली, उपरणी कापडवाल्यांकडे आहेत. स्पर्धेचे दोन विभाग असतात, माती आणि गादी. आजची गादी कारखान्यात बनते हे खरे, पण पाच दिवस मुक्कामाला येणाऱ्या पैलवानांच्या गाद्या-उशा भरून देणारे नदाफ-पिंजारी आपल्याकडे आहेत. गदा आतून लाकडी, वरून चांदीचा पत्रा. महाराष्ट्र केसरीची गदा पुण्यात घडते, पण गावच्या हगाम्याच्या गदा आणि ढाली आपला सुतार, सोनार आणि कोरीव काम करणारा मिळून का करू शकणार नाहीत? गदेचा गोंडा पटवेकराने करावा. मंडपाचे बांबू, लोखंडी पायऱ्या, विजेचे काम, पाण्याच्या टाक्या, यासाठी वेल्डर आणि मिस्त्री आहेत. पाहुणा घरी जाताना बायको-मुलींसाठी बांगड्या, अत्तर, खेळणी नेतो. तो आतार आणि मणियारांचा माल.

यातला एकही धंदा नव्याने शिकायचा नाही. फक्त हे सगळे सुटे सुटे आहेत. ठेकेदार बाहेरून येतो तो या सगळ्यांची एक मोळी बांधून आणतो, म्हणून काम त्याला मिळते. मोळी आपणही बांधू शकतो.

आमची सूचना

कर्जतच्या व्यापारी आणि कारागीर मंडळींनी, सर्व समाजांच्या मिळून, एक कायमची कुस्ती मैदान समिती करावी. समिती नोंदणी केलेली असावी. तिच्यात निम्म्याहून जास्त जागा दुकानदार, कारागीर आणि शेतकरी यांच्या असाव्यात, काही वस्तादांच्या. पुढाऱ्यांना मानाने बोलवावे, देणगी घ्यावी, पावती द्यावी, पण किल्ली समितीकडे असावी.

मैदानाची तारीख कायमची ठरवावी. चैत्रात, ज्वारी निघाल्यावर. आषाढ वद्य एकादशीच्या गोदड महाराजांच्या रथयात्रेला गाव मुळात भरतेच. दुसरी गर्दी रिकाम्या दिवसांत आणावी. नाव मालाचे द्यावे. ज्वारीची गदा म्हणा, लिंबाची गदा म्हणा. आज कोणी हसेल. पण संत्र्याच्या आणि बटाट्याच्या नावाला कोणी हसत नाही, कारण त्या नावाने माल खपतो. आमच्या मालदांडी ज्वारीची भाकरी पुण्या-मुंबईच्या हॉटेलात महाग विकतात, पण ती ज्वारी कुठली हे तेथे कोणी सांगत नाही. गदेवर तिचे नाव आले तर सांगतील.

पाहुणा एक मुक्काम करील अशी आखणी करावी. तालुक्यात सिद्धटेकचा गणपती आहे, राशीनची देवी आहे, रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. सकाळी हे पाहावे, दुपारी पेठेत फिरावे, संध्याकाळी कुस्ती.

दुकानांच्या जागेचा ठेका कोणा एकाला देऊ नये. दर आधी फळ्यावर लिहावेत, गावच्या कारागिराला पहिला हक्क द्यावा आणि छापील पावती द्यावी. ज्याने वर्गणी दिली त्याची वर्गणी भाड्यातून वळती करावी.

इनामाचे पैसे मैदानातच पैलवानाच्या हातात पडावेत. जाहीर एक आणि दिले दुसरे, असे होऊ नये. नफ्याचा ठरावीक हिस्सा जखमी पैलवानाच्या उपचारासाठी बाजूला ठेवावा. मोडलेला गुडघा घेऊन घरी बसलेले तरुण आपण सर्वांनी पाहिले आहेत. गुटख्याच्या आणि दारूच्या पैशाची पाटी मैदानात नको, आणि सट्टा तर नकोच. पोरांच्या अंगमेहनतीवर तसली कमाई आम्हाला नको.

शेवटची आणि मुख्य गोष्ट म्हणजे हिशेब. मैदान झाल्यापासून पंधरा दिवसांत जमा-खर्चाचा कागद बाजारपेठेत चिकटवावा. वर्गणी ही अमानत आहे. फिएस्टा बाउलच्या बड्या माणसाला जे जमले नाही ते कर्जतच्या किराणा दुकानदाराला जमेल, कारण त्याला रोज रात्री गल्ला मोजल्याशिवाय झोप येत नाही.

शंका घेणाऱ्यांना

आमचे काही बंधू म्हणतील, आपल्याला समितीत घेणार कोण? आम्ही म्हणतो, मागून पाहा. वर्गणीला तुम्ही चालता, तर हिशेबाच्या बैठकीला का चालणार नाही? बैठकीला न जाता नाराज राहण्याची आपली जुनी सवय आहे. ती आपल्यालाच महाग पडली आहे. काही म्हणतील, पाऊस नाही, पाणी नाही, दुष्काळात कुस्त्या कसल्या? तर ऑरेंज बाउल मंदीतच जन्मला. हात रिकामे असतात तेव्हाच गिऱ्हाईक गावात आणण्याची युक्ती करायची असते. काही म्हणतील, पहिल्या वर्षी तोटा येईल. येऊ शकतो. डॅलसलाही आला. म्हणून पहिले मैदान एका दिवसाचे, लहान, जोडी चोख लावलेले करावे. उधार मंडप आणि लाखांच्या घोषणा नकोत.

२०२५ च्या मार्चमध्ये कर्जतने दाखवून दिले की राज्य येथे येऊ शकते. पाच दिवस एवढ्या लोकांची सोय हे गाव करू शकते. ती स्पर्धा पाहुणी होती. पुन्हा केव्हा आणि कुणाच्या पुढाकाराने येईल, ते आपल्या हाती नाही. आपले मैदान आपल्या हाती आहे. येत्या पाडव्याला वही-पूजन होईल, ईदच्या खरेदीचा हिशेब मांडला जाईल. त्याच आठवड्यात पेठेतल्या कोणत्याही एका दुकानात दहा माणसांनी बसावे आणि समितीच्या वहीचे पहिले पान लिहावे. जमेच्या बाजूला पहिले नाव आमचे घाला. रक्कम लहान असेल, पण पावती आम्ही मागून घेऊ.